खुर्चीत बसून केलेली स्थळाची चौकशी

बारामती,
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय सुकन्या,

माझा सलाम आणि नमस्कार. दोन्हींपैकी तुला हवा तो ठेव आणि उरलेला तुझ्या दिरांना, जोतीराम आबांना, दे. (त्यांच्याबद्दल मला पुढे बरंच लिहायचं आहे, तेव्हा शक्यतो पत्र पूर्ण वाचण्याआधीच देऊन टाक.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? तुमच्या नव्या म्हशीने लाथ मारणं सोडलं की तुम्ही तिच्याजवळ जाणं सोडलं? इकडे जळोचीत आम्ही ठीक. ह्यांचं बॅटऱ्यांचं दुकान चालू आहे, म्हणजे दुकान उघडं असतं आणि हे शेजारच्या हॉटेलात चहा पीत असतात. माझी बोटं सकाळी उशिरापर्यंत माझं ऐकत नाहीत, मग हळूहळू ऐकायला लागतात. गुडघ्यांचं उलट आहे, ते सकाळी ऐकत नाहीत आणि संध्याकाळीही नाही. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडत असतं, बाहेरचा शत्रू लागत नाही. मी म्हटलं, बाहेरचाही आहे, ऑफिसात वरच्या मजल्यावर बसतो. गोळ्या तुझी राजनंदिनी तिच्या इंदापूरच्या औषधाच्या दुकानातून एस.टी.ने न चुकता पाठवते आणि गोळ्यांसाठी फोन केला की माझं ऑफिसचं रडगाणंही ऐकून घेते. कॉलेजात आपण दोघी एका खोलीत राहत होतो तेव्हा तूही इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतंस. अक्षर वाकडं आलं आहे, तर माफ कर. पेनाला सायकलची ट्यूब गुंडाळली आहे, त्यामुळे धरता येतं, पण वळवता येत नाही. तीन-चार सुट्ट्या मिळून हे पत्र पुरं होईल.

फोनवर का सांगितलं नाही, असं विचारशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून. मागे तू अगदी हळू आवाजात म्हणालीस, "शबाना, तुझ्या ऑफिसात इंद्रजित नावाचा मुलगा आहे ना, आपल्या राजनंदिनीसाठी त्याचं स्थळ आलंय, जरा चौकशी करून सांग, पण अजून कुणाला कळू देऊ नकोस." त्याच वेळी मागून आबांचा आवाज आला, "पगार इचार आदी, पगार." त्यामागून कुणीतरी भाकरी थापत होतं आणि ते थापणंही थांबलं. एवढ्या गुप्त सभेत मी काय बोलणार होते? म्हणून "लिहून कळवते" म्हटलं आणि ठेवला.

तर चौकशीचा अहवाल. मुलगा देखणा आहे. सुपारीसुद्धा खात नाही. पुण्याला जाऊन मोठी पदवी घेतली आहे, बारामतीत स्वतःचं घर आहे, काटेवाडीला ओलिताखालची शेती आहे, आईवडील सज्जन आहेत. पगार आबांना सांग की चांगला आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि पत्र इथेच संपवलं असतं, तर आबांनी आज हलवा केला असता. पण तू दुसरीही एक गोष्ट म्हणाली होतीस: राजनंदिनीच्या इंजेक्शनचं सध्या काढू नकोस, लग्न ठरल्यावर बघू. अकराव्या वर्षापासून ती मुलगी स्वतःच्या हाताने पोटात सुई टोचून घेते, वेळेवर खाते, वेळेवर कामाला जाते, आणि पाहुणे आले की तुम्ही तिचा इंजेक्शनचा डबा लोणच्याच्या बरणीमागे ठेवता. मला नेमकं तेच काढायचं आहे. दुखणं असलेलं माणूस हाताखाली आलं की हा मुलगा कसा वागतो, हे सांगू शकेल असं बारामतीत माझ्यापेक्षा योग्य माणूस नाही. इंद्रजित हे आमचे साहेब आहेत, आणि दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे.

तुला आमचं ऑफिस माहीत आहे. जनावरांच्या खाद्याचा कारखाना, खाली वजनकाटा, बिलं आणि पेंडीचा वास, वर साहेब. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून खालीच बसत आले. साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं टेबल वर नेलं. (बिलं खालीच राहिली. त्यामुळे बिलांसाठी मी खाली येते आणि सहीसाठी वर जाते. याला ते काहीतरी सुटसुटीत व्यवस्था म्हणाले होते, नाव विसरले.) मग हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं. सकाळी माझा अंगठा सुजलेला असतो, तो काही मशीनला पटत नाही. आतली बाई गोड आवाजात सांगते, पुन्हा प्रयत्न करा, आणि मागे रांग वाढते. साहेब जिन्यातून म्हणायचे, "मॅडम, मशीनसुद्धा ओळख दाखवत नाही आता. घ्या समजून." रांगेतले हसायचे. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचे अंगठे चांगले असले तरी त्यांचे कर्ज-हप्ते मला माहीत आहेत.

त्यानंतर उभी मीटिंग. बसलं की माणूस आळशी होतो असं साहेबांचं मत आहे, म्हणून रोज सकाळी त्यांच्या केबिनमध्ये सगळ्यांनी उभं राहायचं. स्वतः साहेबही उभे राहतात, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. त्यांची मोठी काळी खुर्ची रिकामी असते आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत असतो. मी पहिल्या दिवशीच सांगितलं की मला इतका वेळ उभं राहता येत नाही, डॉक्टरांचं पत्र आहे. तर म्हणाले, "मग भिंतीला टेका. भिंत मजबूत आहे, तुमच्याच काळातली आहे." तेव्हापासून मी भिंतीला टेकायला लागले आणि ऑफिसच्या मोबाइल ग्रुपवर माझं नाव 'भिंत' पडलं. गुडघ्यांवर सगळ्यांनी उपाय सांगितले, निर्गुडीचा पाला, एरंडेल, मेथ्या, एकाने तर मधमाशी चावून घ्या म्हणून सांगितलं. एक स्टूल आणून द्यावं, हा उपाय मात्र कुणाला सुचला नाही.

वर्धापनदिनाचं तर तुला लिहिलंच पाहिजे, कारण सत्काराशिवाय आपल्याकडे काही पुरं होत नाही. मंडप घातला होता, फेटे बांधायला माणूस बोलावला होता, डायरेक्टर आप्पासाहेब अध्यक्षस्थानी. चांगलं काम करणाऱ्यांचे सत्कार झाले आणि शेवटी साहेबांनी माइकवर माझं नाव घेतलं: "आमच्या सर्वांत गतिमान कर्मचारी, ज्या उन्हाळ्यात जिना चढायला लागतात आणि पावसाळ्यात वर पोहोचतात." शाल, श्रीफळ आणि गोगलगायीचं चित्र असलेलं मानपत्र. लोक हसले. काही जण हसले नाहीत, ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. साहेब नारळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "फोडून दाखवा, मॅडम." मी माइक मागितला. म्हटलं, माझ्या बोटांनी नारळ फुटत नाही, तो साहेबांनी घरी न्यावा, त्यांच्या आईंना सांगावं की तुमच्या मुलाने एका आजारी बाईचा सत्कार केला त्याचा हा प्रसाद आहे. शाल मात्र गरम आहे, ती मी ठेवते. आणि खाली बसले. ती शाल मी तेव्हापासून रोज ऑफिसात गुडघ्यांवर घेते. मे महिन्यातही घेतली. घाम आला, पण साहेबांना ती रोज दिसली पाहिजे.

आप्पासाहेबांकडे मी रीतसर गेले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, पोरगं हुशार हाय. जरा थट्टा करतंय. तुमी मनावर घेऊ नका." मी म्हटलं, मनावर घेतलेलं नाही, गुडघ्यांवर घेतलं आहे. ते हसले. मला वाटतं त्यांना तोही विनोदच वाटला. त्या दिवशी घरी येऊन मी राजीनामा लिहिला. निवृत्तीला एक वर्ष आणि काही महिने उरलेले असताना, इतकी वर्षं एकाही बिलात चूक न करता, गोगलगाय म्हणून बाहेर पडायचं, असं ठरवून तो पर्समध्ये ठेवला. हे राजनंदिनीला फोनवर बोलले होते. तुला बोलले नाही, कारण स्पीकर.

आणि मग एका सोमवारी खुर्ची आली. मी अंगठा घेऊन मशीनपुढे उभी, तर साहेब स्वतः जिना उतरून आले आणि म्हणाले, "मॅडम, अंगठ्याचं राहू द्या, सही करा. आणि हे बघा." माझं टेबल परत खाली, खिडकीपाशी, मागे नवी खुर्ची. उंच पाठ, हाताला गादी, खालीवर होणारी, चाकांची. वर मीटिंगलाही माझ्यासाठी वेगळी खुर्ची. चहा जागेवर. बिनसाखरेची बिस्किटं. (मला साखरेचं दुखणं नाही, पण दुखणं म्हटलं की लोक आधी साखर काढून घेतात.) शिवाय साहेब विचारतात, "मावशी, रात्री झोप लागली का?" मावशी, सुकन्या. भिंतीपासून मावशीपर्यंत एका रविवारात. मी आधी घाबरले. वाटलं डॉक्टरांनी ऑफिसला काहीतरी कळवलंय आणि माझे फार दिवस राहिलेले नाहीत. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "व्हय, तसंच आसल. खुर्ची कितीची हाय?" पर्समधला राजीनामा मी चार दिवस थांबवायचा असं ठरवलं, खुर्चीला पाठ चांगली लागत होती म्हणून.

त्यानंतर आठवड्याने तुझा फोन आला आणि मला सगळा उलगडा झाला. तू म्हणालीस अजून कुणाला माहीत नाही. मी विचारलं, आबा मध्यंतरी भिगवणला गेले होते का? मागून लगेच आबा, "आमी काय बी बोल्लो न्हाय. आमी निस्ता मासा खाल्ला." सुकन्या, साहेबांचे मामा रोज दुपारी भिगवणच्या आबांच्या त्याच माशाच्या हॉटेलात जेवतात. चिलापी तळून येईपर्यंत आबा गप्प बसले असतील यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. चौकशी ज्याची करायची, त्यालाच चौकशी कोण करणार हे आधी कळवायचं, हे फक्त आपल्या भागात होतं. आबांना सांग, यापुढे मासा घरी आणून खा.

पण त्यांच्यावर रागावूनही मी तुला लगेच काही कळवलं नाही, हे मान्य करते. खुर्ची चांगली आहे ग. पाठ दुखत नाही, बोटं टेबलाच्या बरोबर उंचीवर येतात. मी मनात अहवालसुद्धा लिहायला घेतला होता: मुलगा पूर्वी जरा उथळ होता, आता सुधारला आहे. दोन ओळींत तुझी मुलगी मार्गी लागली असती आणि तू त्याची सासू झाली असतीस, म्हणजे माझ्या खुर्चीला निवृत्तीपर्यंत धक्का नव्हता. आणि मग दीपकचं झालं.

दीपक खाली वजनकाट्यावर असतो. दिवसभर भुशाची धूळ, त्याने त्याला दमा झाला आहे. खिशात पंप असतो. मी खुर्चीत बसल्यापासून साहेबांकडे थट्टा शिल्लक पडायला लागली होती आणि ती कुठेतरी जायलाच हवी होती. त्या दिवशी मीटिंगला मी एकटी बसलेली, बाकी सगळे उभे. दीपक जिना चढून उशिरा आला, छातीत शिट्टी वाजत होती. साहेब म्हणाले, "ऐका, गाडीला हॉर्न बसवलाय. दीपक, पंप मार, टायर बसलं बघ." सगळे हसले. दीपकही हसला, आणि हसताना त्याला आणखी धाप लागली. मला ताबडतोब बोलायचं होतं, पण तोंडात साहेबांनी मागवलेलं बिस्किट होतं. कोरडं बिस्किट, लवकर गिळवेना. ते गिळेपर्यंत मला सगळ्या खोलीचा नीट अंदाज घेता आला. भिंतीला जिथे मी टेकायचे, तिथे आता दीपक टेकला होता.

मी उठले आणि म्हटलं, "दीपक, इथे बस." तो म्हणाला, "न्हाई मॅडम, ऱ्हाऊ द्या, मी बरा हाय." मी म्हटलं, विचारलं नाही, सांगितलं. तो बसला. साहेब म्हणाले, "मावशी, मग तुम्ही?" मी टेबलाला वळसा घातला आणि त्यांच्या काळ्या खुर्चीत बसले. शाल गुडघ्यांवर नीट केली. (ती खुर्ची माझ्या खुर्चीइतकी चांगली नाही. डावं चाक अडतं.) म्हटलं, "चालू द्या मीटिंग. फक्त लवकर संपवू, मला आज इंदापूरला पत्र लिहायचंय." साहेबांचा चेहरा पेंडीच्या रंगाचा झाला. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सगळ्यांसाठी खुर्च्या होत्या, लग्नातल्या लाल प्लास्टिकच्या, कुठल्या तरी मंडपवाल्याकडून आणलेल्या. दीपक, मी आणि खालच्या आणखी काही जणांनी सह्या करून आप्पासाहेबांकडे साहेबांच्या वागण्याबद्दल नवा अर्ज दिला आहे. या वेळी त्यांनी चहा पाजला नाही, म्हणजे वाचला असावा. पुढच्या महिन्यात बोलावलं आहे.

तर सुकन्या, अहवालाचा शेवट असा. हा मुलगा दुष्ट आहे असं मी लिहिणार नाही. त्याला दुसऱ्याचं दुखणं दिसतं, अगदी बारकाईने दिसतं, आणि समोरच्या माणसाच्या मागे कुणी उभं आहे की नाही हे पाहून तो त्याचं काय करायचं ते ठरवतो. राजनंदिनीच्या मागे तू आहेस, मी आहे, मासा खाऊन आलेले आबा आहेत. पण घराचं दार लागल्यावर ती आणि तो, एवढेच असतील, आणि तिचा डबा. माझं मत नाही असं आहे. इंजेक्शनचा डबा बरणीमागून काढून फडताळात पुढे ठेव, आणि त्याच्याकडे बघून "जेवायची वेळ झाली का तुमची" एवढंच विचारणारा मुलगा येईल तेव्हा मला पुन्हा फोन कर. स्पीकर बंद करून.

भाऊजींना नमस्कार. म्हशीपासून सांभाळून राहा.

तुझी,
शबाना

ता. क. - नकार कळवायचाच आहे, पण त्याची घाई काय आहे? आप्पासाहेबांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत दीपक बसतो आहे, मी बसते आहे, खालचे सगळे बसले आहेत. तुमच्यात पत्रिका नावाची फार सोयीची गोष्ट आहे. गुरुजी गावाला गेलेत, आल्यावर बघतो, असं आबांनी कळवलं तरी महिना जातो. ही माझी एवढी विनंती आहे, आणि खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा - हे घरून लिहीत आहे. वरचं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील. हे म्हणाले, "व्हय, समदं बराबर हाय. पर त्या पोरीला कुनी इचारलं का? का तिला बी महिनाभर उभंच ठिवायचं?" एवढं बोलून चहाला गेले. वरचा ता. क. रद्द समज. नकार हे पत्र मिळेल त्या दिवशी कळव. खुर्ची गेली तर गेली. शाल आहे, भिंत आहे, राजीनामा मात्र फाडला आहे.

ता. क. तिसरा - आज पुन्हा ऑफिसात. पाकीट चिकटवणार तेवढ्यात गोळ्यांसाठी राजनंदिनीचा फोन आला. मी तिला सरळ विचारलं, तुला तो पसंत आहे का? ती म्हणाली, "नाही ग मावशी. पण खुर्ची कशी आहे?" सुकन्या, तुझ्या मुलीने काय केलं आहे ते ऐक. बायोडाटा पाहून त्याने तिला पहिला फोन केला, तेव्हा तिने नावावरून ओळखलं की माझे साहेब ते हेच. तिने त्याला सांगितलं की शबाना तांबोळी माझी मावशी आहे, मला रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं, आणि दुखणाईत माणसाशी तुम्ही कसे वागता हे मी मावशीकडून समजून घेणार आहे, ती निवृत्त होईपर्यंत. मगच काय तो निर्णय. त्याने कबूल केलं. म्हणजे इंजेक्शनचं त्याला केव्हाच माहीत आहे, आणि आबा भिगवणला खरंच निस्ता मासा खाऊन आले होते. त्यांची माझ्या वतीने माफी माग, आणि सलाम-नमस्कार दोन्ही त्यांनाच दे.

मी तिला म्हटलं की हे बरोबर नाही, एखाद्याला असं लटकत ठेवू नये, आजच्या आज त्याला नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "सांगते. पण आप्पासाहेबांच्या बैठकीपर्यंत दीपककाकांनी कुठे बसायचं?" मी म्हटलं, तुझ्या आईला लिहिते. तर माझी खरी विनंती ही आहे: तिला कडक शब्दांत रागाव. मीच रागावले असते, पण मी हे सगळं तिने मिळवून दिलेल्या खुर्चीत बसून लिहीत आहे.